मॅडम, कुठली टेस्ट लावू?

थिसिस जमा करायची तारीख जवळ आली की माझ्या टेबलापाशी कुणीतरी लॅपटॉप उघडून उभं राहतं. एक्सेलची शीट, तीनशे ओळी, चाळीस रकाने. "मॅडम, डेटा गोळा झालाय. आता याला कुठली टेस्ट लावू? काय-स्क्वेअर की टी-टेस्ट?" मी विचारते, "तुला नक्की काय शोधायचं होतं?" बहुतेक वेळा त्यावर थिसिसचं शीर्षक वाचून दाखवलं जातं. शीर्षकात विषय असतो, प्रश्न नसतो.

पब्लिक हेल्थच्या पदव्युत्तर वर्गात बीडीएस केलेले असतात, बीएएमएस असतात, नर्सिंगमधून आणि समाजकार्यातून आलेलेही असतात. अनेकांचं गणित दहावी-बारावीला सुटलेलं असतं. स्टॅटिस्टिक्स म्हणजे आकडे हाती आल्यावर करायची आकडेमोड, अशी त्यांची समजूत असते आणि तिथेच घोळ होतो. स्टॅटिस्टिक्सचं निम्मं काम पहिली प्रश्नावली भरण्याआधीच झालेलं असावं लागतं. ते राहिलं असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर मदतीला येत नाही. हे कसं, ते सांगण्यासाठी मी एक अभ्यास पुन्हा पुन्हा वापरते. तो आपल्याच राज्यातला आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत केलेला आणि १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला, नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा अभ्यास.

पण त्याआधी एक लहानसा शब्द: 'पैकी'.

समजा, एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत वर्षभरात १२ नवजात बाळं दगावली आणि दुसऱ्याच्या हद्दीत ५. आढावा बैठकीत पहिल्या केंद्राच्या डॉक्टरांना उभं केलं जाईल. आता 'पैकी' विचारा. पहिल्याकडे जन्म ६००, म्हणजे हजारी २०. दुसऱ्याकडे जन्म १००, म्हणजे हजारी ५०. चित्र पार उलटं झालं. पण अजून थांबू नका. ते १०० जन्म कुणी मोजले? दवाखान्यातलेच की माहेरी, पाड्यावर झालेलेही? जन्मून दोन तासांत गेलेलं बाळ 'मृत जन्मलं' म्हणून तर लिहिलं गेलं नाही? जिथे नोंद ढिली असते, तिथे मृत्युदर कमी दिसतो. म्हणून एखाद्या भागात मनापासून मोजणी सुरू झाली की पहिल्या वर्षी मृत्यू वाढल्यासारखे वाटतात. वाढलेली असते ती नोंद. एपिडेमिऑलॉजीतला, म्हणजे रोगप्रसाराच्या शास्त्रातला, कुठलाही दर समोर आला की मी विद्यार्थ्यांना आधी छेदाकडे बघायला लावते. अंशाकडे डोळे आपोआप जातात.

आता गडचिरोली. प्रश्न एका वाक्यात मावणारा होता: गावातल्याच बाईला प्रशिक्षण देऊन तिने घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, तर नवजात मृत्यू कमी होतात का? त्या भागात बाळंतपणं घरीच होत, दवाखाना लांब. आजारी तान्ह्या बाळाला रुग्णालयात न्यायचं हे शास्त्र होतं, पण ते घडत नव्हतं.

त्यांनी ३९ गावांत ही सेवा द्यायचं ठरवलं आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. १९९३ ते १९९५ अशी दोन वर्षं फक्त मोजणी केली. दोन्ही गटांत प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू टिपला. त्या काळातला नवजात मृत्युदर, म्हणजे पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू, हजार जिवंत जन्मांमागे एकीकडे ६२ आणि दुसरीकडे ५८ निघाला. जवळपास सारखाच. मग १९९५ पासून ३९ गावांत आरोग्यदूत, म्हणजे प्रशिक्षण घेतलेल्या गावातल्याच बायका, घरोघरी जाऊ लागल्या. श्वास न घेणारं बाळ, कमी वजनाचं बाळ, गार पडलेलं बाळ, अंगावर न पिणारं बाळ, जंतुसंसर्ग झालेलं बाळ, या सगळ्यांची काळजी त्या घेत. तिसऱ्या वर्षी ९३ टक्के नवजात बाळांपर्यंत ही सेवा पोचली आणि मृत्युदर ६२ वरून २५.५ वर आला.

इथे मी वर्गाला हिशेब करायला लावते. ६२ वरून २५.५ म्हणजे किती टक्के घट? सगळे सांगतात, साधारण ५९. पण शोधनिबंधात ६२.२ टक्के लिहिलंय. छपाईची चूक? नाही. ती निव्वळ घट आहे. आधी-नंतरच्या फरकातून तुलनेच्या गावांत त्याच काळात झालेला बदल वजा करायचा असतो. त्या गावांतला दर कमी झाला नव्हता, उलट किंचित वर सरकला होता. म्हणून निव्वळ परिणाम ५९ पेक्षा जास्त भरला. तुलनेची गावं नसती तर? त्या तीन वर्षांत रस्ता झाला असता, पीकपाणी चांगलं आलं असतं, एखादी साथ ओसरली असती, तर त्याचंही श्रेय आरोग्यदूतांच्या खात्यात जमा झालं असतं. 'कार्यक्रम राबवला आणि आकडे सुधारले' या धर्तीचे अहवाल आपल्या खात्यात ढिगाने निघतात. त्यांत बहुधा हा दुसरा गटच नसतो.

आणखी एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. जन्म-मृत्यूंची नोंद करणारे कार्यकर्ते वेगळे होते आणि ते दोन्ही गटांत सारखंच काम करत होते. जिने बाळाला वाचवायचं, तिनेच 'किती वाचली' हे लिहायचं असं नव्हतं. माणूस प्रामाणिक असला तरी आपल्या कामाचं माप आपणच काढताना हात नकळत झुकतो. ते टाळण्याची व्यवस्था अभ्यासाच्या रचनेतच करावी लागते, नंतर करता येत नाही.

मात्र ही गावं चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती. म्हणजे अभ्यास नियंत्रित होता, रँडमाइज्ड नव्हता. यात धोका काय, ते समजायला एक साधं उदाहरण घ्या. जिल्हा रुग्णालयातल्या बाळंतपणांत मातामृत्यूचं प्रमाण घरच्या बाळंतपणांपेक्षा जास्त दिसू शकतं. मग घरीच बाळंत व्हावं का? अर्थातच नाही. रक्तस्राव होत असलेली, झटके येत असलेली, दोन ठिकाणांहून पुढे पाठवलेली बाई जिल्हा रुग्णालयात येते. तिथे पोचण्याआधीच तिचा धोका वाढलेला असतो. रुग्णालय आणि मृत्यू या दोन्हींमागे 'गुंतागुंत' नावाचा तिसरा घटक लपून बसलाय, त्याला आपण कन्फाउंडर म्हणतो. माहीत असलेल्या कन्फाउंडरचा हिशेब करता येतो: वयाप्रमाणे, शिक्षणाप्रमाणे गट पाडा किंवा रिग्रेशन, म्हणजे अनेक घटकांचा एकत्र हिशेब करणारी पद्धत, वापरा. जे घटक आपल्या ध्यानातही आलेले नाहीत, त्यांच्यावर चिठ्ठ्या टाकणं हाच भरवशाचा उपाय. चिठ्ठीला काहीच माहीत नसतं, म्हणून ती माहीत असलेले-नसलेले सगळेच घटक दोन्ही बाजूंना सरासरीने सारखे वाटते.

गडचिरोलीत चिठ्ठ्या नव्हत्या, पण दोन वर्षांची आधीची मोजणी होती आणि दोन्ही गट सारखे असल्याचा पुरावा होता. त्यामुळे निष्कर्षाला बळ आलं. पुढे बांगलादेशात सिल्हेट जिल्ह्यात २४ क्लस्टर, म्हणजे वस्त्यांचे गट, चिठ्ठ्यांनी वाटून असाच अभ्यास झाला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे घरभेटींच्या गटात नवजात मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. ६२ च्या जागी ३४ पाहून काही विद्यार्थी हिरमुसतात. मला ते फार आश्वासक वाटतं. देश वेगळा, माणसं वेगळी, रचना अधिक कडक, तरी परिणामाची दिशा तीच. आकार बदलणारच, कारण सेवा किती घरांत पोचली, देखरेख किती होती, मूळ मृत्युदर किती होता, हे सगळं त्यात येतं. एका अभ्यासातला आकडा म्हणजे कोरलेला शिलालेख नव्हे.

आता नमुना निवडण्याकडे येऊ. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण आपल्याला पाठ आहे आणि सॅम्पलिंगचं सगळं तत्त्व तिच्यात आहे. फक्त तिची एक अट आपण विसरतो: भात सगळीकडे सारखा शिजलेला हवा. पातेल्याच्या तळाला करपलंय आणि वर कच्चं राहिलंय, तर वरचं शीत खोटं सांगेल. ओपीडीत आलेल्या ३०० गर्भवतींवरून तालुक्यातल्या सगळ्या गर्भवतींबद्दल बोलणं म्हणजे वरची शितं चेपणं. ज्या आल्याच नाहीत त्यांच्याबद्दल तुम्हाला काहीच कळलेलं नाही, आणि पब्लिक हेल्थला बहुधा त्यांचीच चिंता असते.

हीच उपमा पुढे नेते. लग्नघरात तीस पातेल्यांत भात शिजतोय. एकाच पातेल्यातून २१० शितं काढलीत, तर तुम्हाला एक पातेलं फार छान कळलं. तीस पातेल्यांतून सात-सात काढलीत, तर लग्नाचा स्वयंपाक कळला. शितं दोन्ही वेळा २१०च. लसीकरणाचा ३० क्लस्टरचा सर्व्हे तुम्ही शिकलाय: ३० गावं किंवा वस्त्या, प्रत्येकी ७ मुलं. तो हाच. एका गावातली मुलं एकमेकांसारखी असतात, कारण त्यांची आशाताई एक, एएनएम एक, पावसात वाहून जाणारा रस्ताही एक. म्हणून त्याच गावातलं सातवं मूल पहिल्याइतकी नवी माहिती देत नाही. ही तूट भरून काढायला संख्या वाढवावी लागते, त्या गुणकाला डिझाइन इफेक्ट म्हणतात. साध्या निवडीने ९६ मुलं पुरली असती, तिथे डिझाइन इफेक्ट २ धरून १९२ लागतात. तीस गावांत सारखी वाटायची तर सात-सात, म्हणजे २१०. तो आकडा आकाशातून पडलेला नाही.

नमुना मोठा केला की सगळं ठीक होतं, हा आणखी एक पक्का गैरसमज. मोठ्या नमुन्याने योगायोगाची चूक कमी होते. एकाच बाजूला झुकणारी चूक, म्हणजे बायस, तिळभरही कमी होत नाही. याचं सुंदर उदाहरण एका मराठी संख्याशास्त्रज्ञाचं आहे. साताऱ्याच्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९४० च्या दशकात पिकांच्या उत्पादनाचे अंदाज कसे काढावेत यावर काम करत होते. शेतात एक छोटा तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापून तोलायचं आणि त्यावरून एकरी उतारा सांगायचा. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा फार लहान असला तर उतारा फुगतो. का? रेषेवर उभी असलेली रोपं आत धरायची की बाहेर, असा प्रश्न येतो आणि कापणाऱ्याचा हात ती आत ओढतो. लहान तुकड्यात काठ जास्त, आतला भाग कमी, म्हणून चूक मोठी. असे दहा हजार तुकडे कापले तरी चूक तशीच राहील, उलट तुमचा चुकीच्या आकड्यावरचा विश्वास वाढेल.

आपल्याकडचं जोडीचं उदाहरण ॲनिमियाचं. बोट टोचलं, रक्त नीट आलं नाही, म्हणून बोट पिळलं. रक्तासोबत ऊतींमधलं पाणी उतरलं, हिमोग्लोबिन कमी भरलं. घाईत असलेल्या इंटर्नने तीनशे बायकांची बोटं पिळली तर ॲनिमियाचं प्रमाण वाढलेलं दिसेल, आणि हे एक्सेलच्या शीटमध्ये कुठेच दिसणार नाही.

मग सॅम्पल किती घ्यायचा? सिनॉप्सिस, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, लिहिताना सगळे एकच सूत्र म्हणतात, फोर पीक्यू बाय एल स्क्वेअर. यातला पी म्हणजे अपेक्षित प्रमाण, क्यू म्हणजे १०० वजा पी, एल म्हणजे आपल्याला चालणारी चूक. ४ हा आकडा १.९६ च्या वर्गातून आलाय, ९५ टक्के खात्रीसाठी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला होता. तो पी धरला आणि चूक ५ टक्क्यांची मानली, तर ४ × ५७ × ४३ भागिले २५, म्हणजे ३९२ स्त्रिया. आता गंमत बघा. काही जण एल म्हणून 'पीच्या १० टक्के' घेतात, म्हणजे ५.७. संख्या ३०२ वर येते. 'पीच्या २० टक्के' घेतलं, म्हणजे ११.४, की ७६ च पुरतात! वेळ नाही, पैसे नाहीत, गाईड घाई करतायत, मग ७६ फार मोहक वाटतात. पण त्या ७६ मधून मिळणारं उत्तर असं असेल: "ॲनिमिया ४६ ते ६८ टक्क्यांच्या दरम्यान आहे." एवढं तर सर्व्हे न करताही सांगता आलं असतं. म्हणून एल निवडताना सूत्राकडे बघू नका, निर्णयाकडे बघा. किती अचूक उत्तर मिळालं तर तालुका आरोग्य अधिकारी काही वेगळं करतील? तेवढा एल.

हा '४६ ते ६८' म्हणजेच कॉन्फिडन्स इंटरव्हल. त्याचा नेमका अर्थ असा: हाच सर्व्हे याच पद्धतीने शंभर वेळा केला आणि प्रत्येक वेळी असा पल्ला काढला, तर त्यातले सुमारे ९५ पल्ले खऱ्या आकड्याला पोटात घेतील. आपल्या हातात आलेला पल्ला त्या ९५ पैकी की उरलेल्या ५ पैकी, हे कळायला मार्ग नसतो. रोजच्या वापरात मात्र एवढं धरा: पल्ला जेवढा रुंद, तेवढं तुम्हाला कमी माहीत आहे.

आणि पी व्हॅल्यू? पुन्हा गडचिरोलीला जाऊ. उपचार सुरू होण्याआधी जंतुसंसर्ग झालेल्या १६३ बाळांपैकी १६.६ टक्के दगावली होती. आरोग्यदूतांनी उपचार केलेल्या ७१ बाळांपैकी २.८ टक्के. टक्केवारी बाजूला ठेवून माणसं मोजा: आधी १६३ पैकी २७, नंतर ७१ पैकी २. फक्त दोन. मनात येतंच, हा नशिबाचा खेळ तर नसेल? पी व्हॅल्यू याच शंकेला उत्तर देते. क्षणभर धरा की उपचाराने काहीच फरक पडत नाही. तसं असतानाही केवळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसायची शक्यता किती? इथे ती शंभरात एकापेक्षा कमी निघाली. म्हणून 'काहीच फरक पडत नाही' हे धरून बसणं अवघड झालं.

पी व्हॅल्यू एवढंच सांगते. 'उपचार निरुपयोगी असण्याची शक्यता एक टक्का' असं ती सांगत नाही. परिणाम मोठा आहे का, रचना धड होती का, मधे तिसरा घटक आहे का, यावरही ती गप्प असते. इथेच बघा, जंतुसंसर्गाची ही तुलना आधी-नंतरची आहे, शेजारी तुलनेचा गट नाही, म्हणून ती मुख्य निष्कर्षापेक्षा कमकुवत आहे, पी व्हॅल्यू कितीही लहान असली तरी. कॉन्फिडन्स इंटरव्हल काढून बघितला की जास्त कळतं. ७१ पैकी २ चा पल्ला सुमारे ०.३ ते १० टक्के येतो, १६३ पैकी २७ चा सुमारे ११ ते २३. दोन्ही एकमेकांना शिवत नाहीत. पण २.८ हा आकडा किती डळमळीत आहे तेही दिसतं.

पी व्हॅल्यूसाठी ०.०५ ही सीमा संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या पुस्तकापासून रूढ झाली. ती सोयीची खूण होती. आपण तिचा उंबरठा केला: ०.०४ म्हणजे पास, ०.०६ म्हणजे नापास. तीनशे बायकांच्या शीटमधले चाळीस रकाने ॲनिमियाशी एकेक करून जोडून पाहिले, तर कशाचाच संबंध नसतानाही सरासरीने दोनेक ठिकाणी पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली येते. मग त्या दोनांवर डिस्कशनची चार पानं लिहिली जातात. हे पाहिलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या पानांमागे विद्यार्थ्याची रात्र-रात्र मेहनत असते.

राहता राहिली टेस्ट. दोन गटांतल्या टक्केवारीची तुलना असेल तर काय-स्क्वेअर, संख्या फार लहान असेल तर फिशर एक्झॅक्ट. दोन गटांच्या सरासरीची असेल तर टी-टेस्ट, त्याच माणसांची आधी-नंतर असेल तर पेअर्ड. तीन किंवा जास्त गट असतील तर ॲनोव्हा. कन्फाउंडर सांभाळायचे असतील तर रिग्रेशन. प्रश्न आणि रचना स्पष्ट असली की हे ठरवायला पाच मिनिटं लागतात.

म्हणून आता मी सिनॉप्सिसच्या वेळीच विद्यार्थ्यांकडून रिकामे तक्ते काढून घेते. निकालाच्या प्रकरणात जे तक्ते येणार, ते आजच आखायचे. ओळींची नावं, रकान्यांची नावं, खाली एकूण. आत आकडे नाहीत. यंदा एका मुलीने वहीच्या मागच्या पानावर पहिला तक्ता आखला: गर्भारपणाची तिमाही आणि ॲनिमिया. तक्त्याकडे बघत ती बराच वेळ थांबली. मग प्रश्नावली काढून दोनदा चाळली आणि म्हणाली, "मॅडम, कितवा महिना हे मी विचारलंच नाहीये." अजून एकाही बाईचं बोट टोचलेलं नव्हतं. तिने पेनाने प्रश्नावलीत सातव्या क्रमांकावर तो प्रश्न लिहिला आणि दुसरा तक्ता आखायला घेतला.